सुलेखाचा तवा

त्या दिवशी तुम्हीही हसला होतात का?

घाई नाही, आठवून सांगा. आठ वर्षांपूर्वीचा गणपती. कम्युनिटी क्लबचा हॉल, आणि एसी इतका गार की बायकांनी भरजरी पदर शालीसारखे गुंडाळून घेतलेले. आरती झाली होती, जेवणाला अवकाश होता, म्हणून स्टेजवर गमतीजमती चालल्या होत्या. माईक सुचित्रा राजवाडेच्या हातात होता. सिंगापुरात, तांजोंग पगारला तिची घरं-ऑफिसं सजवून देणारी कंपनी आहे. त्या वर्षी मखरापासून मोदकांपर्यंत सगळं तिच्या कंपनीनं दिलेलं, त्यामुळे माईकही तिचाच. ती म्हणाली, "गरम काय नि गार काय, ते आमच्या सुलेखाला विचारा. हिनं तापलेल्या फरशीवर रबर अंथरलं. तवा समजली बिचारी. पोळ्या भाजायच्या असतील."

हॉल हसला. सत्तर-ऐंशी माणसं असतील. चौथ्या रांगेत सुलेखा घैसास बसली होती, शेजारी तिची अकरा वर्षांची जाई. सुलेखासुद्धा हसली, कारण अख्खा हॉल हसत असताना एकट्या माणसानं गप्प बसणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं दिसतं.

तुम्ही नव्हता त्या हॉलमध्ये? मग नाव तरी कानावर आलं असेल. रबरवाली. लिटिल इंडियात अळूची पानं निवडताना पाठीमागून कुजबुज यायची, "तीच ती, रबरवाली." रविवारच्या मराठीच्या वर्गात एका पोरानं जाईला विचारलं, "तू रबरवालीची मुलगी ना?" जाई घरी आली, दप्तर दाराशी टाकलं आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू गो एनीमोअर, लाह." ती पुन्हा त्या वर्गाला गेली नाही. आज ती एकोणीस वर्षांची आहे, पॉलिटेक्निकला शिकते, आणि आजीला साधं पत्र तिला मराठीत लिहिता येत नाही. सुलेखानं नाव गेलं ते सहन केलं. पोरीची भाषा गेली, ते नाही केलं. तिथून तिनं डूख धरला.

आता खरं काय ते ऐका.

सुलेखा इचलकरंजीची. वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला, घराच्या चारी बाजूंनी माग खडखडत असायचे. कापडाचं कॉलेज तिनं पाहिलेलं नाही. पण सुताला बोट लावून ते कापूस आहे की भेसळ हे सांगायची, आणि दोरा जाळून राखेच्या वासावरून लोकर ओळखायची. रवींद्र घैसासशी लग्न झालं. तो अकाउंटंट, त्याला सिंगापुरात नोकरी लागली, वुडलँड्सला भाड्याचा फ्लॅट मिळाला. ती आली ती नवऱ्याच्या पासवर, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारानं. अशा बायकांची गत तेव्हा ठरलेली होती: पास नवऱ्याचा, कामाची परवानगी कंपनीच्या नावावर. कंपनीनं हाकललं की परवानगीही संपली.

ती कंपनी म्हणजे सुचित्रा राजवाडेची. सुलेखानं तिथे सहा वर्षं काढली. पडदे, गाद्या, गालिचे, कापड म्हणून जे काही असेल ते सुलेखाच्या हाताखालून जायचं. सुचित्राला रंग छान कळतात, हे कबूल करायला हवं. पण कापडाचं पोट तिला कधीच कळलं नाही. दिसतं काय एवढंच ती बघायची, आणि मागची बाजू उलटून बघायचं काम सुलेखाचं.

तर तांजोंग पगारच्या एका जुन्या शॉपहाउसमध्ये, खाली दुकान वर घर अशा इमारतीत, हॉट योगाचा स्टुडिओ निघाला. हो, ज्या देशात माणूस बसस्टॉपवर उभा राहून घामानं निथळतो, तिथे लोक जास्तीचा घाम गाळायला फी भरतात. भिंती गरम, फरशीही गरम. लाकडी फरशीच्या खाली तारांची जाळी, ती विजेनं तापते. शेवटी शवासनासाठी वेगळी खोली, तिचीही फरशी तापती, आणि तिथे गालिचे हवे होते. सुलेखानं सांगितलं, "मॅडम, तापणाऱ्या जमिनीवर रबराच्या पाठीचं काही घालू नका. रबर उष्णता धरतं, मऊ पडतं, फरशीला चिकटतं. सुती विणीचे पातळ घ्या." सुचित्रा म्हणाली, "सुती सरकतात. कुणी घसरलं म्हणजे?" सुलेखा म्हणाली, "कडेनं टेपचे ठिपके लावू." सुचित्रानं कॅटलॉग मिटला. "मला टेप दिसायला नकोय. सप्लायरकडे रबरवाले तयार पडलेत, ते पास कर."

सुलेखानं पास केले नाहीत. ते सुचित्रानं स्वतः केले.

तीन महिन्यांत स्टुडिओत असा वास सुटला की शवासनातले लोक उठून निघून जायला लागले. गालिचे उचलले तर खाली चौकोनी तपकिरी डाग, आणि रबराचे पापुद्रे फरशीला धरून बसलेले. मालकीण भडकली. सुचित्रानं फोन स्पीकरवर ठेवला आणि सुलेखाच्या देखत सांगितलं, "आमच्याकडे एक गृहिणी आहे कामाला, तिची चूक. तिला आम्ही काढतोय." सुलेखा समोर उभी होती, हातात पडद्यांचे नमुने घेऊन. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, तिच्यासोबत परवानगी गेली, आणि पुढच्या महिन्यात गणपती आला. तेव्हा ते माईकवरचं वाक्य नुसती गंमत नव्हती. सुलेखानं तोंड उघडायच्या आत तिच्या तोंडावर मारलेला शिक्का होता तो. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही माईकवरून.

नऊ महिने कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी कामपाँग ग्लाममध्ये, अरब स्ट्रीटच्या आडोशाला, युसुफभाईंनी ठेवून घेतलं. काश्मिरी घराणं, तिसरी पिढी, दुकानात छतापर्यंत गालिच्यांच्या चळती. त्यांनी मुलाखत म्हणून एक गालिचा तिच्यापुढे टाकला. सुलेखानं तो पालथा केला, नखानं एक गाठ उचकटली आणि म्हणाली, "ऊपर से इस्फहान, नीचे से मिर्झापूर." म्हणजे इराणी म्हणून खपवलेला भारतीय माल. युसुफभाई इतके हसले की त्यांना खोकला आला. "कल से आ जाओ, सुलेखाबहन."

आणि इथे तिनं तो तवा बांधला.

कारण असं, की युसुफभाईंकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं सिंगापूरसाठी घेतच नव्हती. कुणाची बदली कोरियात, सोलला झालेली, तिथे घराघरात जमीन तापते. कुणाचं मेलबर्नला घर, कुणी जपानात, होक्काइदोच्या बर्फात बंगला घेतलेला. सगळे यायचे आणि घोट्यापर्यंत पाय बुडेल असा जाडजूड गालिचा मागायचे, कारण बाहेर थंडी म्हणजे आत जाड, एवढाच विचार. सुलेखा सांगून थकली: जमीन जर खालून तापत असेल, तर गालिचा म्हणजे पांघरूण नव्हे, झाकण. जाड झाकण घातलंत की ऊब खालीच कोंडते, खोली गार राहते, आणि लाकूड बिचारं खालच्या खाली भाजतं. गालिचा पातळ हवा, लव असलीच तर बोटाच्या पेरापेक्षा कमी, वीण सुती नाहीतर लोकरीची, आणि मागे रबर, फोम, डिंक यातलं काही नको. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा जाड गालिच्यालाच हात लावायचे.

सांगून पटत नाही त्याला चटका द्यावा लागतो. सोलहून परत आलेल्या एका गिऱ्हाइकानं उरलेली तापणारी जाळी फुकट दिली. सुलेखानं सहा फुटांचा लाकडी फरशीचा तुकडा मिळवला, खाली थर्माकोल, वर जाळी, त्यावर फरशी, अशी एक बैठी चौकी केली. तारा जोडायला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणला, बाकी सगळं स्वतः, मोबाइलवर बघून बघून. उष्णता मोजायचं यंत्र जाईनं पहिल्या पार्टटाइमच्या पगारातून आणून दिलं. चौकी तयार झाली तेव्हा युसुफभाईंनी विचारलं, "इस का नाम क्या?"

"तवा," सुलेखा म्हणाली.

जाईनं आईकडे पाहिलं. "सीरियसली, आई? दॅट वर्ड?"

"तोच. त्यांनी दिलाय ना, मग वापरू दे मला."

तव्याच्या शेजारी एक ड्रॉवर आहे. त्यात आणखी एक वस्तू पाच वर्षं पडून होती, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली. त्याचं असं झालं, की सुचित्राला रबरवाले गालिचे पुरवणाऱ्या सप्लायरनं धंदा बंद केला आणि उरलेसुरले नमुने भंगाराच्या भावात युसुफभाईंच्या गळ्यात मारले. या धंद्याची एक रीत आहे. माल पास करताना नमुन्याचा हातभर तुकडा कापतात, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचतात, आणि चिठ्ठीवर पास करणाऱ्याची सही घेतात. उद्या तंटा झाला तर तो तुकडा साक्षीदार. त्या गठ्ठ्यात सुलेखाला एक करडा तुकडा सापडला, रबराच्या पाठीचा. चिठ्ठीवर योगा स्टुडिओचं नाव, तारीख, आणि खाली लांब शेपटीची सही. सुचित्रा राजवाडे. त्याखाली तिच्याच हातानं लिहिलेलं: "सुती पर्याय नको. हाच."

त्या रात्री रवींद्र म्हणाला, "लगेच सगळ्यांना फोटो पाठव."

"व्हॉट्सॲपवर?" सुलेखा म्हणाली. "तिनं माईकवरून म्हटलं होतं, आणि मी अंगठे दुखवत बसू? तिच्या तोंडासमोर काढेन. माणसं असतील तेव्हा."

"पाच वर्षं वाट बघशील?"

"लागली तर पंधरा."

पाच लागली. यंदाच्या जुलैतला एक शनिवार, दुपारचे अडीच. दुकानाचं काचेचं दार ढकलून सुचित्रा राजवाडे आत आली, मागून मीनल ओगले. मीनल बँकेत मोठ्या हुद्द्यावर, नवरा अभयही बँकेतच, आणि यंदाच्या गणपतीची सगळी व्यवस्था मीनलकडे. त्यांनी होक्काइदोला बंगला घेतलाय, तो सजवायचं काम सुचित्राकडे.

सुचित्रानं सुलेखाला पाहिलं आणि क्षणभर तिचा पाय अडखळला. मग हसू आलं, तेच जुनं. "अगं, तू इथे होय? बरं झालं बाई. कुठेतरी लागलीस." आणि हातातली पर्स तिनं समोरच्या झाकलेल्या चौकीवर ठेवली. तव्यावर.

"या, मॅडम," सुलेखा म्हणाली. "काय दाखवू?"

"मीनलच्या बंगल्यासाठी हवेत. हॉलला आणि तीन बेडरूमना. बाहेर सहा-सहा फूट बर्फ असतो तिथे, तेव्हा जाड दाखव. अगदी पाय रुतला पाहिजे."

"जमीन कसली आहे तिथली?"

"ओकची. आणि खालून हीटिंग आहे," मीनल म्हणाली. "आम्ही नसतो तेव्हासुद्धा हिवाळाभर चालू ठेवावं लागतं, नाहीतर पाइप गोठतात म्हणे."

सुलेखाच्या जिभेवर वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं.

तिनं जाड लवेचा एक पांढरा गालिचा उलगडला, मागे डिंकानं कापड चिकटवलेला, गाठी न मारता मशीनच्या पिस्तुलानं धागे टोचून केलेला. सुचित्रानं हात फिरवला आणि म्हणाली, "वा, हातची गाठ दिसतेय." सुलेखानं पाठ उलटून दाखवली नाही. गल्ल्यावरच्या युसुफभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. चार खोल्यांचे चार, म्हणजे त्यांचा महिना एका दुपारीत सुटत होता.

मग मीनल म्हणाली, "आणि सुचित्रा, सासूबाईंचं एक आहे. गालिचा कधी उघड्या जमिनीवर घालायचा नाही. खाली जुनी सतरंजी हवीच, नाहीतर गालिचा झिजतो. त्यांनी सोलापूरच्या दोन काढून ठेवल्यात, लग्नातल्या."

ही आपली रीत तुम्हाला माहीत आहे. चांगली वस्तू वापरायची नाही, आणि वापरलीच तर तिच्याखाली दुसरी घालायची. घराघरात सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल.

"घालू ना," सुचित्रा म्हणाली. "उलट दुप्पट ऊब. मी तर सतरंजीच्या खाली फेल्टचा थरही सुचवणार होते."

आता सुलेखाच्या डोक्यात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला तो बंगला दिसला. जानेवारी, आत कुणी नाही, खालून जमीन तापतेय, तिच्यावर फेल्ट, त्यावर सतरंजी, त्यावर डिंकाचा गालिचा. महिनाभर ओक भाजतंय आणि बघायला माणूस नाही. मार्चमध्ये मीनल दार उघडेल, फळ्या फुगून उभ्या राहिलेल्या असतील, आणि सुचित्रा राजवाडेचं नाव त्या फळ्यांबरोबर फाटेल. करायचं काहीच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. ते चित्र तिला गोड लागलं, अगदी जिभेला लागावं इतकं गोड.

मग तिला पुढचं दिसलं. बिलावर दुकानाचं नाव. दुकानात सुलेखा. आणि पुन्हा एक हॉल, पुन्हा एक माईक: "बघा, दुसऱ्यांदा केलं हिनं."

म्हणून ती बोलली. दयेनं नाही, हे इथे स्पष्ट लिहिलेलं बरं.

"मॅडम, पर्स उचला," सुलेखा म्हणाली. "तवा तापवायचाय."

"काय तापवायचंय?"

सुलेखानं वरचं कापड ओढून काढलं. अर्ध्या चौकीवर तिनं सुचित्रानं सांगितलं तसंच रचलं: फेल्ट, सतरंजी, वर त्या पांढऱ्या गालिच्याचा तुकडा. उरलेल्या अर्ध्यावर नुसता एक किलीम टाकला, लव नसलेला सपाट विणीचा, म्हणजे सतरंजीचीच थोरली बहीण. बटण दाबलं. युसुफभाईंनी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. पाऊण तास गेला. मीनल दुकान बघत होती, सुचित्रा फोनवर कुणाला तरी पडद्यांवरून झापत होती.

"आता हात ठेवा," सुलेखा मीनलला म्हणाली. "आधी मॅडमच्या बाजूला."

मीनलनं ठेवला. "गार आहे."

"आता इकडे."

मीनलचा हात किलीमवर पडला आणि तिथेच राहिला. "अय्या. हा उबदार आहे. आणि हा केवढा पातळ."

मग सुलेखानं जाड बाजूचे थर एकेक करून उचलले आणि उघड्या लाकडाशी यंत्र धरलं. किलीमखाली सत्तावीस अंश, इथे एकोणचाळीस. पांढऱ्या गालिच्याच्या पाठीतून खोडरबराचा असतो तसा वास येत होता. मीनलनं वाकून हुंगलं आणि नाक मागे घेतलं.

"हे पाऊण तासात," सुलेखा म्हणाली. "तुमच्याकडे तर हिवाळाभर चालतं."

मीनल सुचित्राकडे वळली. आणि इथे, डोळ्याचं पातं लवायच्या आत, सुचित्रानं तेच केलं जे तिला येतं. "म्हणून मी तुला सांगते मीनल, दुकानदारांवर भरवसा ठेवायचा नाही. हा गालिचा यांनीच पुढे केला. सुलेखाला ठाऊक होतं तर आधीच नको का सांगायला? पूर्वीही असंच झालं होतं हिचं. तुला आठवत असेल ना, ते रबराचं."

"आठवतं," मीनल पुटपुटली.

सुलेखानं ड्रॉवर उघडला.

पॉलिथिन सोडवायला तिला वेळ लागला, कारण गाठ पाच वर्षांची होती. करडा तुकडा तिनं तव्यावर ठेवला, रबराची पाठ वर, चिठ्ठी मीनलच्या बाजूला. "तुम्ही वाचा. मोठ्यानं. मला चष्मा लागतो."

मीनलनं वाचलं. स्टुडिओचं नाव, तारीख. मग आवाज खाली गेला. "सुती पर्याय नको. हाच." आणि सही. सही तिच्या ओळखीची होती, होक्काइदोच्या बंगल्याच्या नकाशावर तीच होती.

सुचित्रानं वाकून चिठ्ठी पाहिली.

"हे तू इतकी वर्षं सांभाळलंस?" सुचित्रा म्हणाली. "कसली गं तू."

"रबर आहे, सुचित्रा," सुलेखा म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मॅडम म्हटलं नाही. "चिकटलं की सुटत नाही. तुलाच ठाऊक."

"चल, बाहेर बोलू. आपण आपली माणसं आहोत. माझ्याकडे परत ये, हवं तर पार्टनर म्हणून ये. बोल, काय हवंय तुला?"

"माईक."

"म्हणजे?"

"तोच हॉल. तोच गणपती. जे तेव्हा बोललीस ते परत घ्यायचं, तिथेच उभं राहून." मग ती मीनलकडे वळली. "आणि तुम्ही दुसऱ्या रांगेत होता. मोरपिशी नारायणपेठ नेसला होता. हसून हसून डोळे पुसलेत. मला सगळे आठवतात, कोण कुठल्या रांगेत होतं ते."

मीनलनं मान खाली घातली. मग म्हणाली, "यंदा माईक माझ्याकडे आहे. मी तिला देईन. पण मला सांगा, बंगल्याला काय घेऊ?"

"काही घेऊ नका बेडरूमना. सासूबाईंच्या सतरंज्या आहेत ना, त्याच घाला. सुती, सपाट, रबर नाही, डिंक नाही, तापत्या जमिनीला याहून चांगलं काही विणलेलंच नाही. फक्त कशाच्या खाली घालू नका. वर घाला. सासूबाईंना सांगा, झिजली तर झिजली. हॉलला हा किलीम न्या."

युसुफभाईंनी चार गालिच्यांच्या जागी एका किलीमचं बिल फाडलं आणि सुलेखाकडे असं पाहिलं की बास.

आता तुम्हाला वाटेल, गणपती आला, सुचित्रा माईकवर रडली, हॉल उठून उभा राहिला. तसं काही झालं नाही. सुचित्रा आली, माईक घेतला, आणि नेमकं जेवणाची पानं वाढताना, पुऱ्या आल्या पुऱ्या आल्या असा गलका चालू असताना, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मागे एकदा मी गमतीत सुलेखाचं नाव घेतलं होतं, ती चूक तिची नव्हती, सॉरी हं." दहा सेकंद. पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आभारप्रदर्शन समजून. हसणं पार वुडलँड्सपर्यंत पोचलं होतं. माफी तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा गेली नाही.

घरी जाताना एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, जाई म्हणाली, "शी सेड इट, आई. लेट इट गो, लाह."

सुलेखानं सोडलं नाही. सोमवारी तिनं तो करडा तुकडा काचेच्या फ्रेममध्ये बसवला आणि तव्याच्या वर भिंतीवर ठोकला. सही बाहेरच्या बाजूला. खाली तिनं तीन भाषांत लिहिलं: "तापत्या जमिनीवर हे घालू नका. पास करणाऱ्या: सुचित्रा राजवाडे." मराठी ओळ जाईनं लिहिली. दोनदा खाडाखोड झाली, 'पास'चा काना विसरला होता, पण तिनं लिहिली. सिंगापुरात तापत्या जमिनीसाठी गालिचा घेणारं माणूस आता त्या भिंतीपुढे उभं राहिल्याशिवाय जात नाही, आणि असली घरं घेणारे नेमके तेच, ज्यांना सुचित्राची कंपनी हवी असते.

महिन्याभरात सुचित्राचा फोन आला. आवाजातला तोरा उतरला होता. "दोन कामं गेली माझी. मी माईकवर म्हटलं ना? काढ आता ते."

"काढेन की."

"कधी?"

"माझ्या नावावर ते आठ वर्षं होतं," सुलेखा म्हणाली. "तुझंही आठ वर्षं राहील. फ्रेमच्या मागे तारीख टाकून ठेवलीय, एक दिवस जास्त नाही ठेवणार."

कुणी म्हणतं हे फार झालं. म्हणणारे बहुतेक त्या हॉलमधलेच असतात.

तेव्हा तुम्हाला एकच सांगणं आहे. हसला असाल, किंवा हसला नसाल पण ते नाव कधी पुढे सरकवलं असेल, तर एखाद्या शनिवारी अडीचनंतर अरब स्ट्रीटच्या त्या दुकानात जा. गालिचा घेऊ नका हवं तर. तव्यावर हात ठेवा, नीट तापेपर्यंत उचलू नका, आणि तिला तिच्या पूर्ण नावानं हाक मारा, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.